थांबणारी कणगी

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत मी ज्या वर्कशॉपमध्ये पॅनेलचं वायरिंग करते, तिथल्या सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं की मला कमी ऐकू येतं. तो मागून हाक मारायचा आणि मी ओ द्यायचे नाही. पुन्हा मारायचा, तरी नाही. मी आधी मान वळवायचे, हाक मारणारा माणूस डोळ्यांनी बघायचे आणि मगच "काय सर?" म्हणायचे. तो बाकीच्यांना सांगे, बाई कामाला चांगली आहे, पण मशिनच्या आवाजाने कान गेलेत बिचारीचे. माझे कान ठणठणीत होते. वळण आईचं होतं.

आम्ही अकोले तालुक्यातले ठाकर. राजूरच्या वर, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. लहानपणी हिरडा गोळा करायला रानात जायचो, तेव्हा आई सगळ्यात आधी हे शिकवायची, की मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. तोंड बघायचं, मग बोलायचं. कारण मेलेलं माणूस एकटं पडलेलं असतं, त्याला सोबत हवी असते. ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं, आणि ज्याने ओ दिली तो त्याच्यामागे गेला.

"तुझ्या आवाजात आली तरी?" मी एकदा विचारलं होतं.

"माझ्या आवाजात आली तर मंग त्वांडच दाबून धर," आई म्हणाली आणि हिरडे वेचायला पुढे गेली.

नगरमध्ये याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणोत बापडे. सुपरवायझर लिंबू-मिरची बांधल्याशिवाय नवी मशिन सुरू करत नाही, त्याला कोणी काही म्हणत नाही. मी मात्र मागून आलेल्या हाकेला ओ दिली नाही की बहिरी.

आई आमच्या वाडीची पुढची होती. म्हणजे लग्नात धवळे म्हणताना पुढे गाणारी. आमच्याकडे ही गाणी एकटीने म्हणायची नसतात. पुढची अर्धी ओळ टाकते आणि मागच्या बायका ती झेलतात. पुढची विचारते, "उंबराच्या खोडाला पानी कुनी घातलं?" मागची सांगते, "नवरीच्या मावशीनं वंजळीनं घातलं." असं विचारत-सांगत मांडवातल्या उंबराला पाणी मिळतं, हळद दळली जाते, नवरीच्या हाताला काकण बांधलं जातं. भटजी, तांदूळ, फोटोवाला हे सगळं नंतर आलं. म्हातारी माणसं अजून म्हणतात, धवळे झाले नाहीत तर उंबर तहानलेला राहतो, आणि असं लग्न म्हणजे नुसतं जेवण.

मागच्या बायकांत पहिला आवाज माझ्या काकीचा. काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी. आणि गंमत अशी की या दोघींचं बोलणं बंद होतं. मी शाळेत होते तेव्हा आमच्या शेळीने काकीचं भाताचं रोप खाल्लं होतं. लावणीच्या तोंडावर सगळा वाफा फस्त. काकी काहीतरी बोलली, आईने त्याला सवाई उत्तर दिलं, आणि तिथून जे तोंड फिरलं ते फिरलंच. शेळी कधीच मेली. भांडण काही मरेना. मीठ लागलं तरी काकी वळसा घालून चार घरं पलीकडे मागायला जायची.

पण मांडवात दोघी शेजारी बसायच्या. आई ओळ टाकायची आणि काकी झेलायची. मला वाटतं तेवढंच त्यांचं बोलणं होतं. आई विचारायची, काकी सांगायची, आणि कुणाचा आवाज कुठे संपतो ते कळायचं नाही. हळद झाली की दोघी उठायच्या, पदर झटकायच्या आणि एकमेकींकडे न बघता आपापल्या दाराने आत जायच्या.

मग आईला दम लागला. सगळा जन्म चुलीपुढे गेलेला, छातीत धूरच साठला असणार. धवळे म्हणताना ती मध्येच थांबायला लागली. तिच्यानंतर पुढची कोणी नव्हती. पुढचं गाणं आमच्यात आईकडून लेकीकडे जातं. आईची लेक मी, आणि माझा आवाज असा की शाळेतल्या बाईंनी प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. त्यामुळे आईचा दम गेला की धवळे गेले हे वाडीत सगळ्यांना कळत होतं. फक्त म्हणत कोणी नव्हतं.

त्याआधी पुण्याहून काही मुलंमुली येऊन गाणी रेकॉर्ड करून गेली होती. गुणाची पोरं होती. त्यांनी त्याचं मोबाईलवर अॅप केलं. अॅपमध्ये डोंगराचं चित्र होतं, गाण्यांखाली अर्थ होते. वाडीत ते कोणी दोनदा उघडलं नाही. एका मावशीने मला कारण सांगितलं, "त्यात आमचंच गानं आमालाच ऐकिवत्यात. आमी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

मग बायकांनी मलाच धरलं. तू तिकडं फॅक्टरीत मशिनी जोडतेस, तर आम्हाला एक जोडून दे. मीही फुशारले. स्पीकर आणला, आईचे धवळे भरले, बटणं लावली, निळा दिवा लावला. उंबराखाली बायका जमल्या. मी बटण दाबलं आणि आईचा आवाज घुमला. बायका मांडीवर हात ठेवून, सिनेमाला बसल्यासारख्या ऐकत बसल्या. आई भिंतीला टेकून सगळं बघत होती.

"ही मशिन गातीया," ती म्हणाली, "मंग ह्या बाया काय करनार? वांगी कापनार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महिनाभर खपून केलेलं काम होतं ते. पण बायकांना आता बोलायला तोंड फुटलं होतं. पुढे सहा-आठ महिने मी सुट्टी मिळाली की नगरहून एसटीने संगमनेर, तिथून अकोले, राजूर असं करत वाडीला जायचे, आणि दर खेपेला माझ्या मशिनचं काहीतरी काढून टाकलं जायचं. दिवा नको, पोरं त्याच्याकडेच बघत बसतात. आवाज एका बाईच्या आवाजाइतकाच हवा, त्याहून मोठा झाला की तो डीजे. ती हातात धरून हिंडण्यासारखी नको, नाहीतर बापये खिशात घालून नाक्यावर नेतील. जमिनीवर ठेवायची, म्हणजे ज्याला गायचं असेल तो खाली बसेल. मग कोणीतरी बी ठेवायची छोटी कणगी आणली, बांबूची, शेणाने सारवलेली, आणि माझं सगळं वायरिंग तिच्या पोटात गेलं. वर सुपाएवढं सोलर पॅनेल. फॅक्टरीत दाखवलं असतं तर हसले असते.

सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी ठरवली ती थांबण्याची. कणगीने फक्त पुढची ओळ टाकायची आणि थांबायचं. माणसांनी झेलली तरच पुढची ओळ. झेलणारी जिती पाहिजे, असं सगळ्यांचं एकमत झालं. म्हणून मागच्यांचा आवाज आम्ही भरलाच नाही. पुढे आई, मागे ज्या बसतील त्या. आश्रमशाळेतल्या पोरी सुट्टीला आल्या की बसतील, चुकतील, शिकतील. मी आत माईक बसवला. माणसाचा आवाज ऐकला की ती पुढे सरके.

पहिल्या दिवशी माणसाच्या आधी कुणाचीतरी शेळी ओरडली आणि कणगीने लगेच पुढची ओळ टाकली.

"शेळीनं झेललं गं!" कोणीतरी म्हणालं, आणि बायका पोट धरून हसल्या. आई हसली, काकीही हसली. हसता हसता दोघींची नजरानजर झाली, शेळी म्हटल्यावर दोघींना एकच शेळी आठवली असणार. आईने तोंड इकडे फिरवलं, काकीने तिकडे.

कोणीच झेललं नाही तर काय करायचं, हाही प्रश्न निघाला. मी म्हटलं, थोडा वेळ वाट बघून बंद होऊ दे. आई म्हणाली, असं मुकाट्यानं कसं बंद व्हायचं, माणूस दारात आलं तर आवाज देतंच की. कुणाच्याही दारात गेली की ती जे म्हणायची तेच तिने माईकमध्ये म्हटलं, "हाय का गं कुनी?" सगळ्यांना ते फार आवडलं. कणगी ओळ टाके, वाट बघे, कोणी गायलं नाही तर आईच्या आवाजात विचारी, "हाय का गं कुनी?" आणि गप्प होई. पोरं मुद्दाम गप्प बसून ते ऐकायची आणि ओरडायची, "हाय, हाय!"

एवढ्या बायका, एवढे महिने, एवढ्या बैठका. हाकेला ओ देऊ नये हे त्यांच्यातल्या एकूण एक बाईला पाठ. आणि हाक मारून ओ मागणारी वस्तू आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केली. त्या आवाजाची धनीण एक दिवस मरणार आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं तर ती मरणार म्हणूनच आम्ही हे करत होतो. तरीही नाही आलं.

गाणी भरायचं बरंचसं काम नागापूरला माझ्या खोलीवर झालं. दमाच्या दवाखान्यासाठी आईला नगरला आणलं होतं. तिला खोली आवडायची नाही. खिडकीतून कंपनीची भिंत दिसते, आणि शेजारचे लोक दार लावून जेवतात याचं तिला नवल वाटायचं. सकाळी चहानंतर तिचा श्वास जरा बरा असायचा, तेव्हा आम्ही एकेक धवळा भरायचो. ती दोन ओळी म्हणायची, थांबायची, छातीवर हात ठेवून बसायची. मी म्हणायचे, राहू दे आज. ती म्हणायची, उद्याचं कुनी बघितलंय. ती वाट बघत बसणारी बाई नव्हती. तिच्यातलं मला फक्त तिचं फटकळ तोंड मिळालं, हिंमत नाही.

एकदा माईक बरोबर चालतो का ते बघायला मीच पहिली ओळ म्हटली, "उंबराच्या खोडाला पानी कुनी घातलं?" आई ओट्यापाशी लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता झेललं, "नवरीच्या मावशीनं वंजळीनं घातलं." मागोमाग कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "सूर कुठं चाललाय तुजा, शेळीवानी?" आम्ही दोघी हसलो. मी ते मोबाईलमध्ये तसंच ठेवून पुढचं काम सुरू केलं.

पावसाळा सरता सरता आई गेली. वाडीतच गेली, तिच्या जागेवर. शेवटच्या दिवशी काकी आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आत आली नाही. आईने तिच्याकडे बघितलं. दम एवढा लागला होता की बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं. मला त्या वेळी काकीचा फार राग आला. एक पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं? अजूनही तो राग पुरता गेला आहे असं म्हणवत नाही.

कणगी आमच्याच घरात, आईच्या जात्याशेजारी राहिली. लग्नसराई आली तसं वाडीतल्या पहिल्या लग्नाच्या घरचे लोक ती घ्यायला आले. मीही गेले. दुपारची वेळ, मांडवात हळदीची तयारी, बायका आपापल्या जागा धरून बसलेल्या. आईची जागा मोकळी ठेवून तिथे कणगी ठेवली होती. शेजारी काकी. मीच कळ फिरवली.

"उंबराच्या खोडाला पानी कुनी घातलं?" आई म्हणाली.

अगदी तिचाच आवाज. मधला श्वास घेतल्याचाही आवाज. बायकांनी तोंडं उघडली होती, ती तशीच राहिली. काकीने पदराचा बोळा करून तोंडावर धरला. मला आधी वाटलं तिला रडू आलं. मग मी सगळ्यांकडे बघितलं. रडत कोणी नव्हतं. त्या भ्यालेल्या होत्या.

कणगी थांबली होती. तिला तसंच शिकवलं होतं. थांबली, थांबली, आणि मग आईने दारात उभं राहून विचारावं तसं विचारलं, "हाय का गं कुनी?"

मागे बसलेली एक लहान पोर सवयीने "हा..." म्हणाली, आणि तिच्या आईने झडप घालून तिचं तोंड दाबलं. पोर घाबरून रडायला लागली. बायका एकेक करून उठल्या. कोणी वेडंवाकडं बोललं नाही, कोणी माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने नवऱ्याकडच्यांनी डीजे लावला. त्या लग्नात उंबराला पाणी मिळालं नाही.

संध्याकाळी ओट्यावर माणसं बसली. कोणी म्हणालं, बाईच्या वस्तूंबरोबर तेव्हाच ती प्रवरेत सोडायला हवी होती. कोणी म्हणालं, पुरून टाका. सगळे हळू आवाजात बोलत होते, माझ्या तोंडाकडे बघून सांभाळून. मला ते जास्त झोंबलं.

"माझ्या आईला तुम्ही भूत ठरवताय," मी ओरडले. "जिचा आवाज तुम्ही जन्मभर झेलला, तिला!"

वाडीतले एक म्हातारे आजोबा म्हणाले, "पोरी, भूत न्हाई गं ती. पर एकली हाय. हाक आली की कुनालाबी जावंसं वाटंल. मलाच वाटलं."

मी खाली बसले. कारण मांडवात मलाही वाटलं होतं. ओ माझ्या दातांपर्यंत आली होती.

मी कणगी नगरला घेऊन आले. रविवारी खोलीत बसून आईच्या ओळी ऐकायचे. ती विचारायची, "हळद कुनी दळली?" आणि थांबायची. मी ओठ मिटून बसायचे. ती म्हणायची, "हाय का गं कुनी?" मी समोर, हाताच्या अंतरावर. एकदा तर मी खरोखर तळहाताने तोंड दाबून धरलं होतं. तिनेच सांगितलं होतं ना तसं. दुनियेतल्या कुठल्या लेकीने आईचं ऐकलं नसेल इतकं मी ऐकलं. तिने विचारलं आणि मी नाही म्हणाले नाही, हो म्हणाले नाही, आणि ती गप्प झाली.

असं किती रविवार केलं कोण जाणे. स्वतःला कोंडून घ्यायची ती एक तऱ्हाच होती. पण एक झालं. झेलता येत नाही म्हणून मी नुसती ऐकत राहिले, आणि ऐकून ऐकून पुढच्या ओळी माझ्यात उतरल्या. कणगी बंद केली की मी त्या म्हणून बघायचे. सूर शेळीचाच. पण कुठे श्वास घ्यायचा, कुठे ओळ सोडून द्यायची, ते कळायला लागलं.

पुढच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा काकी आली. दाराच्या चौकटीपाशी थांबली आणि तिथूनच म्हणाली, "ती वस्तू आनलीस का?"

मी मानेनेच हो म्हटलं. मला बोलायचं नव्हतं.

मग तिने उंबरठा ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जात्याजवळ खाली बसली, जात्यावरून हात फिरवला. म्हणाली, "लई विचार केला म्या. मेलेल्याच्या हाकंला ओ द्यायची न्हाई, हे खरं. पर जित्यानं हाक मारली आन मेल्यानं ओ दिली, त्याला कुठं मनाई हाय? सर्वपित्रीला आपुन घास ठिवून हाकाच मारतो की. तवा कुनी भ्येतं का?"

मी कणगी तिच्यापुढे सरकवली.

"तिला फुडं नगं बसवू," काकी म्हणाली. "मागं बसव. हाक आपुन मारू."

इतकं साधं होतं ते. पण आई आयुष्यात कधी मागे बसली नव्हती. तिच्या सगळ्या ओळी पुढच्या, सगळे प्रश्न, सगळ्या हाका. त्या सगळ्या आता कणगीतून काढाव्या लागणार होत्या. मी काकीला ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग मागचं म्या गाते. भरून घे. म्या मेले तरी चालतंय ते. ओ द्यायला काय, मेल्यावरबी देईन."

"आणि पुढं कोण?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे तोंड फिरवलं. काकीला सगळे धवळे येत होते, पण ती पुढची होणार नव्हती. "ती जागा तुज्या आयची. लेकीनंच घ्यावी," एवढंच म्हणाली.

तेव्हा मला खोलीवरची ती ओळ आठवली. मोबाईलमध्ये होती. मी शोधून लावली. आधी माझा बेसूर आवाज, मग आईचा, लसूण सोलता सोलता दिलेला. "नवरीच्या मावशीनं वंजळीनं घातलं." मग शिट्टी, मग "शेळीवानी".

काकीने ते ऐकलं आणि हसली. "मागं बसली गं बया. माजी जागा घेतली बघ," म्हणाली. पुन्हा लाव म्हणाली, मी लावलं. "शेळीवानी" आलं आणि ती जात्यावर डोकं टेकून रडायला लागली. "त्या येका शेळीपायी," ती म्हणत होती, "येका शेळीपायी म्या दारातनं म्हागारी गेले." मी तिला उठवलं नाही. मीही तिथेच बसले. दोघी पोटभर रडलो, आईला जाऊन वर्ष झाल्यावर.

वाडीला विचारलं. ते आजोबा म्हणाले, हाक तुमची असंल तर कुनाची हरकत न्हाई. मी आईच्या पुढच्या ओळी कणगीतून पुसल्या. नगरला माझ्याकडे त्यांची एक प्रत आहे, ती मी शिकण्यापुरती ठेवली आहे. "हाय का गं कुनी?" मात्र कुठेच ठेवलं नाही. ते एकट्याने ऐकायचं नाही, असं काकीने माझ्याकडून वचन घेतलं, आणि ते माझ्याकडे असतं तर मी वचन पाळलं नसतं हे तिला माहीत होतं. शेवटचं एकदा लावलं. तोंड दाबून ऐकलं. पुसलं.

यंदा काकीच्या नातीचं लग्न झालं. माझ्या चुलतभावाची पोर, माझी पुतणीच. दुपारी हळद होती. आईच्या जागेवर मला बसवलं. एका बाजूला काकी, पुढ्यात कणगी. तिच्यात झेलायच्या सगळ्या ओळी काकीच्या, फक्त पहिली आईची. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी श्वास घेतला आणि हाक मारली, "उंबराच्या खोडाला पानी कुनी घातलं?"

सूर गेला कुठल्या कुठे. कोणी हसलं नाही.

"नवरीच्या मावशीनं वंजळीनं घातलं," आई म्हणाली. तिच्यामागून सगळ्या बायकांनी ते झेललं, जोरात, मनमोकळं, भीती न धरता. मागे कुकरची शिट्टीही वाजली. ती मी कापली नव्हती.

आता दुसरी ओळ माझी होती. मला येत होती. रविवारच्या रविवार घोटली होती. पण आवाज फुटेना. मांडव गप्प झाला. कणगीत आता विचारणारं कोणी नव्हतं. नवरी पाटावर बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती. मी कणगीकडे बघत होते.

काकीने मला कोपराने ढोसलं.

"गा की," ती म्हणाली. "थांबलीया ती."